कॉम्प्युटर (शब्द)

कॉम्प्युटर हे आज यंत्राचे नाव असले, तरी जवळजवळ तीनशे वर्षे इंग्रजीत तो शब्द माणसासाठी वापरला जात होता. हिशेब करणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून तो आला. आकडेमोड करणारा माणूस या अर्थाने तो १६१३ साली छापलेला आढळतो.

अठराव्या शतकात ही रीतसर नोकरी झाली. इंग्लंडचे राजज्योतिर्विद नेव्हिल मॅस्केलिन यांनी १७६७ सालापासूनचे नाविक पंचांग काढले. समुद्रावर जहाजाचे ठिकाण काढायला उपयोगी पडणाऱ्या या पंचांगातली चंद्राची स्थाने काढणारे कॉम्प्युटर गावोगावी आपापल्या घरी बसून गणिते करत. एकच गणित दोघांना स्वतंत्रपणे दिले जाई आणि तिसरा उत्तरे ताडून पाही. दोघे संगनमताने उत्तरे उतरवून घेताना सापडले, तेव्हा त्यांचे काम काढून घेण्यात आले!

भारतातही हे पद होते. राधानाथ सिकदार १८३१ साली देशाची मोजणी करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दरमहा ३० रुपयांवर कॉम्प्युटर म्हणून लागले आणि पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. पंधराव्या क्रमांकाचे शिखर, म्हणजेच एव्हरेस्ट, जगात सर्वांत उंच ठरवणाऱ्या आकडेमोडीत त्यांचा मोठा वाटा होता. १८५६ साली जाहीर झालेली उंची २९,००२ फूट होती. त्यांनी धावत जाऊन सर्वेक्षणाच्या प्रमुख साहेबांना ही बातमी सांगितल्याची कथा मात्र दंतकथाच समजावी.

इंग्रज गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांच्या १९३६ सालच्या प्रसिद्ध निबंधातही कॉम्प्युटर म्हणजे चौकटीच्या कागदावर गणित करणारा माणूसच आहे. यंत्राची कल्पना ते त्याच्या कामाच्या पद्धतीवरून मांडतात. अर्थ उलटला तो दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. तोफगोळ्यांच्या मार्गांची कोष्टके करणाऱ्या फिलाडेल्फियातल्या महिला कॉम्प्युटरांमधूनच सहाजणी एनिॲक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक गणनयंत्राच्या प्रोग्रामिंगसाठी निवडल्या गेल्या. १९४६ साली ते यंत्र लोकांपुढे आले. यंत्राला सुरुवातीला ‘इलेक्ट्रॉनिक’ किंवा ‘डिजिटल’ असे विशेषण लावावे लागे; यंत्रे वाढली तसे ते गळाले. मराठीत यंत्रासाठी ‘संगणक’ रूढ झाला. संस्कृतातला ‘गणक’ही मुळात माणूसच, ज्योतिषी किंवा हिशेबनीस.

जुना अर्थ एका दिवसात गेला नाही. गणितज्ञ कॅथरीन जॉन्सन १९५३ साली अमेरिकेतल्या लँगली या विमानसंशोधनाच्या प्रयोगशाळेत रुजू झाल्या, तेव्हा तिथे कॉम्प्युटर हे पद होते. १९६२ साली पृथ्वीप्रदक्षिणेला निघण्यापूर्वी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी यंत्राने काढलेले आकडे जॉन्सन यांच्याकडून हाताने तपासून घेतले होते.