काउंटने ओतलेलं व्हिनेगर

संशयास्पद मृत्यूच्या बातमीत एक वाक्य हमखास असतं : ‘व्हिसेरा (म्हणजे शरीरातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवण्यात आला आहे.’ तोवर गावाने निकाल देऊन टाकलेला असतो. अंग काळंनिळं पडलं होतं, म्हणजे विषच! हा समज साफ चुकीचा आहे. हृदय थांबलं की रक्त शरीराच्या खालच्या भागात साकळतं आणि तिथली कातडी जांभळट दिसू लागते. वार्धक्याने शांतपणे गेलेल्या माणसाच्या बाबतीतही हे घडतं. विष सिद्ध करायचं तर ते शरीरातून वेगळं काढून दाखवावं लागतं. वनस्पतिजन्य विषाच्या बाबतीत हे कसं करायचं, याची वाट सापडली ती बेल्जियममध्ये, नवरा-बायकोवर घरातल्याच माणसाचा जीव घेतल्याचा आरोप झाला त्या प्रकरणात.

काउंट इप्पोलित द बोकार्मे आणि त्याची बायको लिदी हे तिशीतलं जोडपं ब्युरी गावच्या बित्रमाँ वाड्यात राहायचं. सरदारकी होती, खर्चही तसाच होता, पैसा मात्र आटत चालला होता. लिदीचा भाऊ ग्युस्ताव्ह याच्याकडे वडिलांची मालमत्ता होती. त्याचा एक पाय कापलेला, प्रकृती तोळामासा. तो बिनलग्नाचा गेला तर सगळं आपलंच, हा या दोघांचा हिशेब. पण त्याने लग्न ठरवलं! २० नोव्हेंबर १८५० रोजी तो बहिणीकडे जेवायला आला. त्या दिवशी मुलांना वेगळं बसवलं, नोकरांना लांब ठेवलं आणि वाढायचं काम लिदीने स्वतःकडे घेतलं. जेवण झालं आणि ग्युस्ताव्ह मेला. झटका आला, असं सांगण्यात आलं. मग काउंटच्या हुकमावरून प्रेताच्या घशात भरपूर व्हिनेगर ओतलं गेलं. कपडे धुवायला गेले, जमीन खरवडली गेली, कुबड्या जाळल्या गेल्या.

तोंडातल्या भाजल्याच्या खुणा पाहून डॉक्टरांना तीव्र आम्लाचा संशय आला. अवयव अल्कोहोलमध्ये घालून ब्रसेल्सला रसायनशास्त्रज्ञ जाँ सर्व्हे स्तास यांच्याकडे पाठवले गेले.

स्तास यांच्यापुढची अडचण समजून घेण्यासारखी आहे. आर्सेनिक शोधणं तेव्हा जमत होतं. मार्शची चाचणी १८३६ सालची. आर्सेनिक हे मूलद्रव्य. मांस जाळलं, आम्लात उकळलं तरी ते नष्ट होत नाही. पण मॉर्फिन, स्ट्रिक्निन, तंबाखूतलं निकोटिन ही अल्कलॉइडं, म्हणजे वनस्पतींतली नायट्रोजनयुक्त द्रव्यं, कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन अशा मूलद्रव्यांचीच बनलेली असतात, आणि आपलं शरीरही मुख्यतः त्यांचंच. मांस जाळाल तर विषही जळून जातं. ही विषं प्रेतात कधी सापडतील का, याची त्या काळातल्या सर्वांत नावाजलेल्या विषतज्ज्ञालाही, ऑर्फिला यांनाही, शंका होती.

तोडगा निघाला तो एका प्रोटॉनमध्ये. निकोटिनच्या रेणूतला नायट्रोजन आम्लाच्या सान्निध्यात एक प्रोटॉन स्वतःकडे घेतो. रेणू धनभारित होतो, त्याचा क्षार बनतो, आणि तो पाण्यात व अल्कोहोलमध्ये मुरतो. ईथर या पाण्यात सहज न मिसळणाऱ्या द्रवात मात्र तो जात नाही. आता त्यात आम्लारी घाला. प्रोटॉन काढून घेतला जातो, रेणूवर भार उरत नाही, आणि तोच रेणू पाणी सोडून ईथरमध्ये जातो. निकोटिनच्या बाबतीत हा तोल सुमारे पीएच ८ ला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त) समसमान असतो, आणि पुढे पीएचच्या प्रत्येक अंकागणिक दसपटीने झुकतो. पीएच ३ ला प्रत्येक भाररहित रेणूमागे सुमारे १ लाख भारित रेणू असतात. पीएच १० ला चित्र उलटं : एका भारित रेणूमागे सुमारे १०० भाररहित.

म्हणजे आम्लयुक्त द्रावण ईथरबरोबर घुसळलं तर चरबी ईथरमध्ये जाते आणि विष पाण्यात राहतं. चरबी टाकून द्यायची, आम्लारी घालायची, पुन्हा ईथर घालून घुसळायचं. या वेळी विष वर येतं. ईथर उडून गेल्यावर बशीत तेलकट थेंब उरतात. स्तास यांच्या बशीत उरलेल्या थेंबांना तंबाखूचा उग्र दर्प होता. म्हणजे विष होतं निकोटिन.

तळहातावर चुना लावून तंबाखू मळतात तेव्हा हेच रसायनशास्त्र चालू असतं. चुना ही आम्लारी. ती निकोटिनचा प्रोटॉन काढून घेते, आणि भाररहित निकोटिन गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात शिरतं. बार भरल्यावर लगेच तरतरी येते ती यामुळे. याच वेगामुळे व्यसन घट्ट बसतं.

आता काउंटच्या व्हिनेगरकडे पाहा. मोकळं निकोटिन हवेत उडणारं द्रव्य आहे. व्हिनेगर म्हणजे ॲसिटिक आम्ल. त्याने निकोटिनचा न उडणारा क्षार बनवला. त्यावर तपासयंत्रणेने अल्कोहोल घातलं. आम्ल आणि अल्कोहोल! स्तास यांच्या पद्धतीची पहिली पायरी अवयव प्रयोगशाळेत पोचण्याआधीच सुरू झाली होती, आणि तिची निम्मी सामग्री खुद्द खुन्याने पुरवली होती.

पुढे काउंटने खोट्या नावाने एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाकडून निकोटिनची माहिती घेतल्याचंही निघालं. खटल्यात नवरा म्हणाला, बाटल्यांची अदलाबदल झाली. बायको म्हणाली, नवऱ्याने जबरदस्ती केली. १९ जुलै १८५१ रोजी मोन्स शहरात काउंटचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. लिदी निर्दोष सुटली. ती शिजवण्या-वाढण्यापासून पुरावे पुसण्यापर्यंत सामील होती, असं मला सगळं वाचून वाटतं. पण कोणाच्या हातून काय घडलं हे सांगणं स्तास यांच्या ईथरच्या आवाक्यातलं नव्हतं.

१८५६ मध्ये जर्मनीच्या ओटो यांनी पद्धतीत सुधारणा केली. स्तास-ओटो हे नाव आपल्याकडच्या न्यायवैद्यक पाठ्यपुस्तकांतही आहे. मालिकांत परीक्षानळीचा रंग बदलतो आणि मिनिटभरात खुनी सापडतो, ही शुद्ध थाप आहे. आज रेणूचं वजन मोजणारी यंत्रं आली, तरी त्यांच्यापुढे जाणारा नमुना अनेकदा आम्ल-आम्लारीच्या याच फेऱ्यातून जातो. म्हणूनच शवविच्छेदनानंतर जठर, यकृत, मूत्रपिंड यांचे भाग साध्या मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. एरवी अवयव टिकवायला वापरलं जाणारं फॉर्मॅलिन प्रथिनं एकमेकांत घट्ट बांधून टाकतं आणि विष वेगळं काढणं कठीण होऊन बसतं. त्यामुळे विषाच्या तपासणीसाठीच्या बरणीत ते घालायचं नसतं.