दगडाखाली कोण राहतं, आणि का?

वाघ जंगलात, उंट वाळवंटात, मासा पाण्यात. प्राण्यांचा अधिवास आपण मुलांना असाच शिकवतो. जोड्या पाठ होतात, पण ‘तिथेच का?’ हा खरा प्रश्न कुणी विचारतच नाही. तो मुलांना पडावा असं वाटत असेल, तर त्यांना बाहेर न्यावं. फार लांब जायची गरज नाही. झाडाखाली दोरीने आखलेला मीटरभराचा चौकोन पुरतो.

चौकोनातला एखादा दगड मोठ्या माणसाने काठीने उचलावा, तोही पलीकडच्या कडेने. खाली विंचू असलाच तर त्याला आपल्यापासून दूर जायला वाट मिळते. दगडाखालची माती गार, ओलसर असते. तिथे बहुधा एक राखाडी, खवलेदार पाठीचा किडा दिसतो. त्याच्या काही जाती हात लावताच अंगाची गोळी करतात. पाय मुलांनाच मोजू द्यावेत. पूर्ण वाढलेल्याचे चौदा भरतात. कीटकांना असतात सहा, म्हणजे हा कीटक नव्हे. हा खेकडा-कोळंबीचा जमिनीवर राहायला आलेला नातलग! पोटाखालच्या नाजूक पडद्यांनी तो श्वास घेतो आणि ते ओले राहिले नाहीत तर त्याचा जीव जातो.

आता एका पसरट डब्यात अर्ध्या भागात ओला कागद आणि अर्ध्यात कोरडा कागद अंथरावा. सात-आठ किडे मधोमध सोडून वर झाकण ठेवावं. काही वेळाने बरेचसे ओल्या बाजूला सापडतात. त्यांना ओल लांबून दिसते, असं मुलं म्हणतील. खरं कारण मला त्याहून सुंदर वाटतं. कोरड्या जागी हा किडा भराभर चालत राहतो, ओलाव्यात मंदावतो आणि थांबतो. वाट ठाऊक नसतानाही तो योग्य जागी पोचतो, तो एवढ्यामुळेच.

प्रयोग झाला की दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवावा आणि किडे त्याच्या कडेला सोडावेत; ते आपले आपण आत जातात. त्यांच्या अंगावर दगड ठेवू नये.

नावं नंतर शिकता येतात. त्याआधी शेजारच्या, पालापाचोळा झाडून लख्ख केलेल्या जमिनीवर तसाच चौकोन आखावा आणि दोन्हीकडचे जीव मोजावेत. सावली तीच, माती तीच. फक्त पानं नाहीत. पानं गेली की ओल टिकत नाही, आणि कुजक्या पानांवर जगणाऱ्या या किड्यांचं अन्नही जातं. अधिवास नष्ट होतो म्हणजे काय होतं, ते मुलं इथे स्वतःच्या मोजणीतून सांगू लागतात.