मांडी ऐकत नाही तेव्हा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतरचा पहिला व्यायाम दिसायला अगदी किरकोळ असतो. पाय सरळ पसरून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि मांडी आवळून ती खाली दाबायची. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. एरवी हे कुणालाही जमेल. पण ऑपरेशन झालेला माणूस मांडीकडे एकटक बघत दात-ओठ खातो, कपाळावर घाम येतो आणि मांडी मात्र ढिम्म हलत नाही.

मग तो स्वतःला बोल लावतो, ‘माझीच जिद्द कमी पडते.’ तसं नसतं. सांध्यात पाणी साचलं की तिथल्या नसा मज्जारज्जूला खबर देतात आणि मज्जारज्जू मांडीच्या स्नायूकडे जाणारा हुकूमच दाबून टाकतो. प्रयोगात निरोगी गुडघ्यात जेमतेम २०-३० मिलिलिटर द्रव सोडला, तरी मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू मंदावतो. त्यासाठी वेदना असावीच लागते असंही नाही. अशा वेळी टॉवेल दाबत राहणं म्हणजे मेंदूपासून मांडीपर्यंतची बंद पडलेली वाट पुन्हा पायाखालची करणं.

या वाटेवर मनाचा हात किती चालतो, हे २०१४ मध्ये ओहायो विद्यापीठातल्या एका प्रयोगात दिसलं. धडधाकट माणसांचं मनगट चार आठवडे पक्कं बांधून ठेवलं होतं. त्यांतल्या काहींना आठवड्यातून पाच दिवस एक काम दिलं: मनगट सगळा जोर लावून वाकवतोय अशी कल्पना करायची, प्रत्यक्षात स्नायू जराही आवळायचा नाही. बंधन निघालं तेव्हा ज्यांनी हे केलं नव्हतं त्यांची ताकद सुमारे ४५ टक्के घटली होती, कल्पना करणाऱ्यांची २४ टक्के. प्लॅस्टरमधल्या दिवसांना मी म्हणूनच ‘वाया गेलेले’ म्हणणार नाही.

मनाची दुसरी बाजू भीतीची. दुखेल म्हणून हालचाल टाळायची, टाळल्याने स्नायू आणखी दुबळा होतो, दुबळा झाला की लवकर दुखतो. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा, नव्याने बसवलेल्या खेळाडूंच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा २०१४ मध्ये घेतला गेला. त्यांतले ८१ टक्के कुठल्या ना कुठल्या खेळाकडे परतले, पण स्पर्धेत उतरले ५५ टक्केच. मन तयार असणं हे परतणाऱ्यांचं एक ठळक लक्षण होतं. ही तयारी कुणाच्या भाषणाने येत नाही. ‘मला हे जमेल’ या भरवशाचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बॅन्ड्यूरा यांनी १९७७ मध्ये मांडला, त्यात सगळ्यात भक्कम आधार ठरला तो स्वतः पार पाडलेल्या कामाचा. काल मांडी हलली नाही, आज किंचित थरथरली. भरवसा त्या थरथरीतून येतो.

जिद्द घातक ठरते ती पुढे. बसवलेलं लिगामेंट आधी आपल्या पेशी गमावतं, मग त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. मधल्या काळात ते बसवलं त्या दिवसापेक्षाही कमकुवत असतं. आणि नेमकं तेव्हाच, दीड-दोन महिन्यांनी, सूज उतरलेली असते, चालणं सोपं झालेलं असतं, पळावंसं वाटू लागतं. नॉर्वेतल्या खेळाडूंच्या अभ्यासात नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका दर महिन्याला पुन्हा इजा होण्याचा धोका जवळजवळ निम्म्याने उतरत गेला. थांबण्यासाठी लागणारी जिद्द कुणाच्या नजरेत भरत नाही, पण खरी कसोटी तिचीच.

बाळंतपणाला आपण इजा म्हणत नाही, म्हणूनच बहुधा नंतरच्या डागडुजीला वेळही देत नाही. सुमारे एक किलोचं गर्भाशय सहा आठवड्यांत शंभर ग्रॅमच्या आत येतं, तेही आपसूक. बाकीचं इतकं आपसूक होत नाही. पहिलटकरणींच्या एका अभ्यासात पोटाच्या दोन उभ्या स्नायूंमधली फट सहा आठवड्यांनी ६० टक्के जणींमध्ये होती, वर्षानंतरही सुमारे एक तृतीयांश जणींमध्ये. ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू प्रसूतीत काही ठिकाणी मूळ लांबीच्या तिपटीहून जास्त ताणले जातात, असं संगणकीय प्रारूप सांगतं. शिंकताना लघवीचे थेंब येतात ते यामुळे. अशा बाईला ‘मनावर घे, पोट जाईल’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तिचा व्यायामही टॉवेलइतकाच साधा दिसतो: श्वास सोडत, लघवी अडवल्यासारखे ते स्नायू आत-वर ओढायचे, धरायचे, पूर्ण सैल सोडायचे. गंमत अशी की अनेकजणी अजाणता उलटंच करतात. श्वास कोंडून खाली जोर देतात आणि आधीच ताणलेल्या स्नायूंवर आणखी भार टाकतात. श्वास कोंडला गेला तर चुकलं, एवढी खूण पुरते, तरी एकदा फिजिओथेरपिस्टकडून तपासून घ्यावं. पळणं किमान तीन महिन्यांनी, तेही थेंब येत नसतील आणि तळाशी जडपणा वाटत नसेल तर. तोवर पाळण्यातून बाळ उचलताना, प्रत्येक वेळी, आधी श्वास सोडायचा, तळ वर ओढायचा आणि मग उचलायचं.