मोटेची धाव उतरती का असायची?

विजेचे पंप आले आणि मोटा, म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायच्या चामडी पिशव्या, गेल्या. पण बीड-लातूरकडच्या जुन्या बांधीव विहिरींवर थारोळं (मोटेचं पाणी पडायचं कुंड) आणि धाव (मोट ओढताना बैल चालायचे ती उतरती वाट) अजून कुठे कुठे दिसते. बल, कार्य, स्थितिज ऊर्जा हे पुस्तकातले शब्द शिकवायचे झाले, तर मी मुलांना त्या धावेवर नेऊन उभं करीन.

भौतिकशास्त्रात कार्य मोजायचं तर दोन गोष्टी लागतात. बल हवं आणि त्या बलाच्या दिशेनं वस्तू सरकायला हवी. भरलेली मोट विहिरीत अधांतरी ठेवून बैल नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणून उभे राहिले, तर बल आहे, पण मोट तसूभरही हललेली नाही. मोटेवर झालेलं कार्य शून्य. बैल तरी दमतात, कारण ताण धरून ठेवताना स्नायूंच्या आत ऊर्जा खर्च होतच राहते आणि तिची उष्णता होते. सपाट वाटेनं डोक्यावर हंडा घेऊन जाणाऱ्या बाईचंही तसंच. तिचा आधार वरच्या दिशेनं, चालणं आडवं. पाण्याची उंची वाढत नाही, म्हणून त्या आधाराचं कार्य शून्य धरतात. तिचे कष्ट या व्याख्येत मावत नाहीत, आणि हे मुलांना स्पष्ट सांगायलाच हवं.

आता मोट वर येऊ द्या. समजा मोटेत १५० लिटर पाणी आहे आणि ते १० मीटर चढवायचं आहे. वस्तुमान (१५० किलो) गुणिले ९.८ (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) गुणिले उंची, म्हणजे १४,७०० ज्यूल; ज्यूल हे कार्याचं आणि ऊर्जेचं माप. थारोळ्यात पडलेल्या पाण्यात ही ऊर्जा उंचीच्या रूपानं, म्हणजे स्थितिज ऊर्जा म्हणून, साठलेली असते. पाटानं ते आपोआप शेतात उतरतं ते त्याच जोरावर.

हे १४,७०० ज्यूल आले कुठून? लाल कंधारी किंवा देवणी बैलजोडीचं वजन ८०० किलो धरू. धावेच्या शेवटापर्यंत जाताना जोडी २ मीटर खाली उतरत असेल, तर तिची स्थितिज ऊर्जा १५,६८० ज्यूलनं कमी होते. मोटेला लागणारं जवळपास सगळं कार्य बैलांच्या वजनातूनच निघालं! चाकाचं घर्षण आणि गळतं पाणी यांच्यापुरता वरचा जोर लावायचा. मोट हाकणारा उतारावर नाड्यावर बसायचा तो याचसाठी. ६० किलोचा गडी तेवढाच उतरला, की आणखी १,१७६ ज्यूलची भर.

फुकट मात्र काहीच मिळालेलं नाही. मोट रिकामी झाली की बैल मागे मागे सरत धाव चढतात, आणि तेव्हा स्वतःचं ८०० किलो वजन २ मीटर वर नेतात. ते १५,६८० ज्यूल कडब्यातून आणि पेंडीतून येतात. धाव उतरती केल्यामुळे भरल्या मोटेचा भार आणि बैलांचा चढ एकाच वेळी अंगावर येत नाहीत. सपाट धावेवर सगळी ओढ पायांच्या जोरानंच काढावी लागली असती. ज्यांनी ही धाव बांधली त्यांनी सूत्र लिहिलं नसेल, पण हिशेब चोख केला होता.

हाच व्यवहार उलट्या दिशेनंही चालतो. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत डोंगराकडून नळांनी आणलेलं पाणी खाली पडताना जातं फिरवायचं. पैठणला जायकवाडीच्या १२ मेगावॉटच्या वीजकेंद्रात तर दोन्ही दिशा आहेत: पाणी उतरताना वीज तयार होते, आणि तेच यंत्र वीज घेऊन पाणी पुन्हा वर चढवू शकतं.

आज मराठवाड्यात प्रश्न आहे बोअरच्या खोलीचा. विजेचं एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. कुठेच काही वाया गेलं नाही, तर एका युनिटमध्ये १० मीटरवरून सुमारे ३६,७०० लिटर पाणी वर येईल. पाणी २०० मीटरवर, म्हणजे साडेसहाशे फुटांवर गेलं, की त्याच युनिटमध्ये जेमतेम १,८०० लिटर. मोटार आणि पाइप यांतली तूट वजा केली तर त्याहूनही कमी. उन्हाळ्यात त्याच मोटारीचं पाणी बारीक होतं, त्यामागे आटलेल्या झऱ्याइतकीच ही वाढलेली उंचीही असते.