महापुरानंतरचे टोमणे आणि अलमट्टीचा वाद : कोल्हापूरची पार्श्वभूमी

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन आकडे सगळ्यांना तोंडपाठ असतात : ३९ आणि ४३. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा पातळी, ४३ फुटांवर धोका पातळी. तिसरं मोजमाप कुठल्याही सरकारी तक्त्यात नाही, पण शहराचा त्यावरच जास्त भरवसा असतो. पाणी जामदार क्लबपाशी आलं, गायकवाड वाड्याला लागलं, व्हीनस कॉर्नरला आलं, अशा खुणांवरून पूर किती चढलाय हे कळतं. याच खुणांवर थट्टाही चालते आणि याच खुणांजवळ उभं राहून ‘हे पाणी सोडलं कुणी?’ असं विचारलं जातं. थट्टा आणि हा सवाल कोल्हापुरात एकमेकांच्या हातात हात घालून कसे आले, त्याचा हा मागोवा.

पूर्वी पुराचा जाब कुणाला विचारायची पद्धत नव्हती. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर आजही दक्षिणद्वार सोहळा होतो. कृष्णेचं पाणी चढत दत्तमंदिरात शिरतं, पादुकांवरून वाहत दक्षिणेकडच्या दारातून बाहेर पडतं आणि त्या पाण्यात स्नान करायला लांबून माणसं येतात. कोल्हापुरात घरातली लहान मुलं घेऊन पंचगंगा घाटाकडे ‘पूर बघायला’ जाणं ही तर पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. चिखली, आंबेवाडीसारखी गावं दरवर्षी जनावरं हलवायची, पाणी ओसरलं की गाळ काढायची. पूर नदीचा होता, त्याला माणूस जबाबदार धरला जात नव्हता.

धरणं झाली आणि हे बदललं. पाणी अडवणारा कुणीतरी असेल तर सोडणाराही कुणीतरी असणारच, असं लोकांच्या मनात बसलं. शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावतीवर राधानगरी धरणाचं काम हाती घेतलं, ते पुढे बऱ्याच वर्षांनी पुरं झालं. क्षमता ८.३६ टीएमसी, म्हणजे ८.३६ अब्ज घनफूट. त्याला सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि कोल्हापूरचा सगळ्यात मोठा गैरसमज त्यांच्याभोवतीच आहे. ‘राधानगरीचे दरवाजे उघडले’ अशी बातमी आली की कुणीतरी अधिकाऱ्यानं बटण दाबलं असं वाटतं. प्रत्यक्षात पाणी पूर्ण संचय पातळीला, म्हणजे साधारण ३४७.५ फुटांना टेकलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उचलला जातो आणि पातळी उतरली की आपोआप बसतो. एका दरवाज्यातून १४२८ क्युसेक, सातही उघडले तर जेमतेम दहा हजार. म्हणून ‘सहा नंबरचा कुणी उघडला?’ या रागाला बोट दाखवायला माणूसच नसतो. खरा जाब विचारायचा तो आधीचा : जुलैत धरण किती भरू दिलं, पाऊस येणार हे दिसत असताना वीजगृहातून आणि सेवाद्वारांतून (माणसानं चालवायच्या दरवाज्यांतून) आधीच किती पाणी काढलं?

इथं एक हिशेब जवळ ठेवावा, कारण पुराच्या निम्म्या भांडणांत तो चुकतो. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. ११,५७४ क्युसेक विसर्ग सलग चोवीस तास चालला तर एक टीएमसी पाणी जातं. म्हणजे राधानगरीचे सातही दरवाजे दिवसभर उघडे राहिले तरी खाली येतं ते एका टीएमसीपेक्षा कमीच. अलमट्टीतून पाच लाख क्युसेक सुटत असतील तर दिवसाला ४३ टीएमसी. या दोन धरणांना एकाच मापानं शिव्या घालता येत नाहीत. शिवाय पंचगंगेत येणारं बरंच पाणी धरणांच्या खालच्या भागात, भोगावती, कासारी, कुंभी, तुळशीच्या मोकळ्या पाणलोटात पडलेल्या पावसाचं असतं. त्याला दरवाजाच नाही.

अलमट्टीचं प्रकरण वेगळं आणि जास्त तापलेलं. कृष्णेवरचं, कर्नाटकातलं हे धरण १२३ टीएमसीचं. सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये ५१९.६ मीटर उंचीपर्यंत पाणी साठवायला मान्यता दिली आणि पाचच वर्षांत, २००५ च्या पावसाळ्यात, सांगली-कोल्हापुरात मोठा पूर आला. तेव्हापासून ‘अलमट्टीच्या फुगीमुळं’ (धरणात तुंबून मागं चढणाऱ्या पाण्यामुळं) हे वाक्य इथल्या राजकारणात घट्ट बसलं. डिसेंबर २०१० मध्ये कृष्णा पाणीवाटप लवादानं ही उंची ५२४.२५६ मीटरपर्यंत न्यायला मुभा दिली, तेव्हा आग आणखी भडकली. विनोदाच्या अंगानं पाहिलं तर अलमट्टी फार सोयीचं लक्ष्य आहे. धरण दुसऱ्या राज्यात, बोलणारे दुसऱ्या भाषेत, आणि त्याच्यावर कितीही टोमणे मारले तरी गावातल्या कुणाचीच मतं जात नाहीत.

ऑगस्ट २०१९ चा महापूर या सगळ्याच्या वरचा होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, म्हणजे धोका पातळीच्याही बारा फूट वर. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग जवळजवळ आठवडाभर बंद. पंपांवर पेट्रोल अत्यावश्यक वाहनांसाठी राखून ठेवलेलं. शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्याखाली गेल्यानं शहराचे नळ कोरडे. बुडालेली मोटर पाणी ओसरल्या ओसरल्या चालू करता येत नाही. ती उचलायची, गाळ धुवायचा, वाइंडिंग तापवून पूर्ण सुकवायचं, इन्सुलेशन तपासायचं, मगच वीज द्यायची. घाई केली तर मोटर जळते आणि आणखी काही दिवस जातात. ‘दारात पंचगंगा, नळाला ठणठणाट’ या धाटणीचे टोमणे त्या दिवसांत टँकरच्या रांगेत उभे असलेलेच मारत होते. पुरात अडकलेल्या माणसानं स्वतःवर केलेला हा विनोद होता. असला विनोद रांगेतली भांडणं मिटवतो, हे त्याचं मोठं काम.

टोमण्यांचा दुसरा प्रकार सरकारवरचा, आणि त्याला दारूगोळा सरकारनंच पुरवला. दोन दिवसांपेक्षा जास्त काळ क्षेत्र पाण्याखाली असेल तर कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ, असा शासन निर्णय निघाला. एक दिवस बुडालेल्यानं काय करायचं, याचं उत्तर त्यात नव्हतं. मदतीच्या पाकिटांवर मुख्यमंत्री आणि आमदारांच्या फोटोंचे स्टिकर लागले. तेव्हाचे जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांचा बोटीत हसत हात हलवतानाचा व्हिडिओ राज्यभर फिरला. पूर चढायला लागला तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस भाजपच्या महाजनादेश यात्रेत, म्हणजे निवडणुकीआधीच्या प्रचारदौऱ्यात होते, ती यात्रा थांबवावी लागली. या चारही गोष्टींवर रातोरात चित्रं, ओव्या, पोवाडे, मीम निघाले. एवढं झोंबण्याचं कारण सरळ आहे. लोक विचारत होते बोट किती, औषध किती, चारा कुठं. आणि समोर येत होता फोटो. कोल्हापूरचं बोलणं मुळातच तिरकं आणि रोखठोक, तालमीत आणि चहाच्या टपरीवर घासलेलं. ‘जगात भारी’ म्हणवून घेणाऱ्या गावानं मंत्र्यांना जरा जास्तच जड पारड्यात तोललं, त्यात काही गैर नव्हतं.

मर्यादा मात्र लोकांनीच ठरवली होती. ८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटून माणसं गेली. त्या बातमीनंतर चेष्टेचा सूर एकदम बदलला. बोटीवरचे विनोद थांबले आणि बोटी कमी का, लाइफ जॅकेट का नाहीत, असा थेट जाब विचारणं सुरू झालं. आपत्तीवरच्या विनोदांचा अभ्यास करणाऱ्या लोकसाहित्याच्या अभ्यासकांनी हे इतरत्रही नोंदलं आहे. आधी सुन्नपणाचा काळ, मग विनोदांच्या लाटा, आणि त्या लाटांचा रोख काळ सरेल तसा बदलत जातो. इथं बदल जास्त वेगानं झाला, कारण मरण शेजारच्याच जिल्ह्यात झालं होतं. शाहूपुरी कुंभार गल्ली आणि बापट कॅम्पातल्या तयार गणेशमूर्ती पाण्यात विरघळल्या, गणपती महिन्याभरावर आला होता. त्यावरही कुणी हसलं नाही. अनेक मंडळांनी देखावे आवरते घेऊन पैसा पूरग्रस्तांकडे वळवला.

ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक आली. कोल्हापूरचे तेव्हाचे पालकमंत्री चंद्रकांत पाटील पुण्यात कोथरूडमधून उभे राहिले आणि ‘पुरात वाहत कोथरूडला पोचले’ हा टोला प्रचारभर वाजत राहिला. पाटील तिथून निवडूनही आले. कोल्हापूर जिल्ह्यात मात्र दहापैकी एकही जागा भाजपला मिळाली नाही. याला पूरच कारण असं म्हणणं घाईचं होईल. जिल्ह्यातले गट-तट, साखर कारखाने, बंडखोऱ्या हे सगळं त्यात होतं. पण पुरातल्या टोमण्यांनी प्रचाराला तयार वाक्यं दिली, एवढं नक्की.

दोषाचा अधिकृत हिशेब पुढच्या वर्षी आला. निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला आणि सांगली-कोल्हापूरच्या पुराला अलमट्टी व हिप्परगी (कृष्णेवरचाच कर्नाटकातला बंधारा) जबाबदार नाहीत, असा निष्कर्ष काढला. अतिवृष्टी, नदीपात्रातली अतिक्रमणं, पूरक्षेत्रातली बांधकामं यांच्याकडे बोट गेलं. अनेक आंदोलकांना आणि अभ्यासकांना हा निष्कर्ष मान्य झाला नाही. कृष्णेची पातळी नृसिंहवाडीला चढलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, ही वस्तुस्थिती शिरोळ तालुका डोळ्यांनी बघतो. वाद आहे तो त्यात अलमट्टीचा वाटा किती यावर.

आणि इथंच कोल्हापूरच्या विनोदाची उणी बाजू दिसते. निळी पूररेषा म्हणजे सर्वसाधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदी, निळी आणि लाल यांच्या मधे अटींसह परवानगी. पण रेषा प्रसिद्ध व्हायला उशीर, नंतर ती सरकवण्यासाठी दबाव, मधल्या काळात भराव टाकून प्लॉट. रस्ते उंच करताना नदीच्या मोकळ्या मैदानावर बांध पडतो, त्याखालून पाणी जायला पुरेशा कमानी नसल्या की वरची गावं जास्त वेळ बुडतात. ऊस दोन-तीन दिवस शेंड्यावरून बुडाला आणि पानांच्या सुरळीमध्ये गाळ बसला की पोंगा (शेंड्याचा कोवळा कोंब) कुजतो, म्हणजे पाणी रेंगाळलेला प्रत्येक दिवस एकरी नुकसानीत मोजला जातो. यावर मीम फार कमी निघाले. कारण त्या भरावावर ओळखीच्याच कुणाचा तरी फ्लॅट आहे, आणि बिल्डर गावच्याच गणपतीला वर्गणी देतो. अलमट्टीवर हसणं स्वस्त, भरावावर हसणं महाग. हे बदलायला हवं. कोल्हापूरकरांचं भलं त्यातच आहे.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा २०१९ च्या जवळपास चढलं. आता सत्ता महाविकास आघाडीची आणि विरोधात भाजप. दोन वर्षांपूर्वी जे सवाल विचारत होते ते उत्तरं देऊ लागले आणि उत्तरं देणारे सवाल विचारू लागले. ३० जुलैला शाहूपुरीत पाहणी करताना मुख्यमंत्री उद्धव ठाकरे आणि विरोधी पक्षनेते देवेंद्र फडणवीस एकाच रस्त्यावर समोरासमोर आले, बोलले. दोन्ही वर्षांचे टोमणे शेजारी ठेवले तर नावं बदलतात, पण मदत उशिरा, पंचनामा उशिरा, दौरा आधी, ही तक्रार तीच राहते. म्हणूनच तिला पक्षाचा रंग लावता येत नाही.

अलमट्टीची उंची हा विषय अजून मिटलेला नाही. मे २०२५ मध्ये सांगली-कोल्हापूर रस्त्यावर अंकलीजवळ सर्वपक्षीय चक्काजाम झाला, महाराष्ट्र सरकारनंही उंचीला विरोध कळवला. तोवर दर पावसाळ्यात फोनवर येणारे निरोप तपासण्याचं काम वाचणाऱ्यालाच करावं लागतं : तारीख कोणती, फूट राजाराम बंधाऱ्याचे की सांगलीच्या आयर्विन पुलाचे (दोन्हींची इशारा आणि धोका पातळी वेगळी, आयर्विनला ४० आणि ४५ फूट), विसर्ग क्युसेकमध्ये की घनमीटरमध्ये (एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५ घनफूट, इथं चूक झाली तर पूर पस्तीसपट वाढतो), आणि व्हिडिओत दिसणारं धरण खरोखर आपलं आहे का. ‘राधानगरी फुटलं’ हा निरोप पुढं ढकलण्याआधी एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. अशा अफवेनं घाबरून रात्री ट्रॅक्टरवर म्हाताऱ्यांना घालून निघणाऱ्या घरांचे हाल मात्र दोन मिनिटांत निस्तरत नाहीत.