"कोणास काही न सांगता" – हरवलेल्या आजीआजोबांची पार्श्वभूमी

पेपरातला तो मजकूर पाठ झालाय. रंग सावळा, अंगात पांढरा शर्ट, पायात चप्पल, कोणास काही न सांगता घरातून निघून गेले आहेत. भांडून गेलेला पोरगा असो की डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेले आजोबा, मिसिंग दाखल करताना वाक्य तेच.

आमच्या बिल्डिंगमधले काका असेच "निघून गेले". संध्याकाळी सापडले पुण्यातच शिवाजीनगरला, हातात कापडी पिशवी, त्यात पंचा आणि रिकामा डबा, नाशिकच्या गाडीची वाट बघत उभे. तिथलं एसटी स्टँड मेट्रोच्या कामासाठी 2019 संपता संपता वाकडेवाडीला गेलं, काकांच्या डोक्यात ते तिथंच आहे. आणि सांगून गेले होते हो, "नाशिकला जाऊन येतो", काकूंनी ओट्यापाशीच "बरं" म्हटलं, त्यांना वाटलं नेहमीचंच बोलतायत.

एका जर्मन डॉक्टरने 1906 मध्ये या आजाराच्या एका प्रकाराची, अल्झायमरची, पहिली केस मांडली, आपल्याकडे "साठी बुद्धी नाठी" म्हटलं की विषय संपायचा. वाड्यातून कोणी बाहेर पडलंच तर वाण्याचा पोऱ्या हात धरून परत आणून सोडायचा. (वाड्यांचे गोडवे नकोत, खोलीला बाहेरून कडी लावून ठेवायचेही तिथंच.)

खरा गुंता कायद्यात आहे. 1912 च्या कायद्यात मोकाट फिरणारा "वेडा" दिसला की पोलिसांनी धरायचा, 1987 च्या कायद्यात शब्द जरा सौम्य झाले. मग 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला, 29 मे 2018 पासून लागू झाला, आणि त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत विचार, मूड यांच्यासोबत दिशाभान आणि स्मृतीही आहे, म्हणजे माझ्या मते डिमेन्शिया त्यात सरळ बसतो. कलम 100 सांगतं की असं माणूस भटकताना सापडलं तर हरवल्याचा एफआयआर नोंदवायचा आणि घरचे शोधणं ही पोलीस स्टेशनच्या इन्चार्जची ड्युटी. आता गंमत बघा, सापडलेल्या माणसासाठी एफआयआर, पण घरचे हरवलं म्हणून सांगायला गेले की मोठ्या माणसाची बहुतेक वेळा नुसती मिसिंगची नोंद. लहान मुलांसाठी सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये एफआयआर सक्तीचा केला, कारण मूल स्वतःहून जात नाही असं धरलं. काका स्वतःहून गेले असं कशावरून धरायचं? आणि "चोवीस तास थांबा" तर कुठल्याच कायद्यात नाही.

जपानात पोलीस 2012 पासून डिमेन्शियामुळे हरवलेल्यांचा आकडा वेगळा देतात, तेव्हा 9,607 होता, 2023 मध्ये 19,039. तिथं काही गावांनी "निरुद्देश भटकणं" अशा अर्थाचा जुना शब्दसुद्धा सरकारी कागदातून काढला, कारण जाणाऱ्याच्या मनात कुठं जायचं ते पक्कं असतं. भारतात 2023 च्या एका अभ्यासाने डिमेन्शियाचे 88 लाख पेशंट धरलेत.

काकांच्या मुलाला मी कलम 100 वाचून दाखवलं. तो म्हणाला, बाबांना वेड्यांच्या कायद्यात बसवायचंय का तुला.