जुनं फर्निचर काढायचंय? अर्ज नेमका कुठे अडतो ते आधी बघा

घर बदलायच्या आठवड्यात नको असलेला सोफा उचलायला अर्ज करणारे लोक मी सतत पाहतो आणि त्यातल्या बहुतेकांना नकार मिळतो. घराची किल्ली द्यायची तारीख आधी ठरते, फर्निचरचा विचार सगळ्यात शेवटी येतो. क्रम उलटा ठेवा. फर्निचर कधी उचललं जाईल याची तारीख हातात आल्यावरच बाकीचं आखा.

रस्ते तीन आहेत. वापरण्याजोगी वस्तू संस्थेला दान द्यायची किंवा विकायची. मोडकी असेल तर स्थानिक प्रशासनाकडे मोठ्या आकाराचा कचरा उचलण्यासाठी नोंदणी करायची. तिसरा रस्ता म्हणजे स्वतः गाडी करून संकलन केंद्रावर नेऊन टाकणं. नोंदणीचा फॉर्म सोपा असतो: नाव, पत्ता, वस्तूंची यादी, फोटो, असल्यास शुल्क. तो भरायला कोणाला अडचण येत नाही. अडचण सुरू होते ती यादीपासून.

यादीत लोक 'सोफासेट, 1' असं लिहितात. बहुतेक ठिकाणी सेट हा प्रकारच नसतो. तीन जणांचा सोफा एक नग, दोन खुर्च्या दोन नग. यादीत एक आणि दारात तीन नग दिसले की गाडीवाले एकच उचलून निघून जातात आणि उरलेल्यांसाठी अर्ज पुन्हा पहिल्यापासून. भिंतीत बसवलेलं कपाट आणि स्वयंपाकघरातला ओटा हेसुद्धा बऱ्याचदा फर्निचरमध्ये धरत नाहीत. भिंतीतून उखडलेली वस्तू बांधकामाच्या राडारोड्यात मोजली जाते आणि त्याची खिडकी वेगळी असते. हे फॉर्मवर ठळक छापायला काय हरकत आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. आरसा, काच आणि दिवा लावलेलं कपाट असेल तर काच आणि वायर आधीच वेगळी करून ठेवा.

आता कागदांकडे. पत्त्याचा पुरावा सगळ्यांकडे असतो. नसते ती मालकीची खूण. भाड्याच्या घरातलं कपाट घरमालकाचं असेल तर त्याची लेखी संमती लागते. आई-वडील गेल्यावर त्यांचं घर रिकामं करणाऱ्यांना हे फार जड जातं. भावंडांपैकी एकजण अर्ज करतो, दुसरा नंतर हरकत घेतो आणि संस्था हात वर करते. दुःखाच्या दिवसांत हे बोलायला नको वाटतं, पण सगळ्यांच्या सह्यांचं साधं संमतिपत्र तेव्हाच करून घ्या. इमारतीत राहत असाल तर लिफ्ट वापरायची आणि खाली सामान ठेवायची परवानगीही आधी काढा. गाडी फाटकाशी येऊन परत गेलेली मी पाहिली आहे.

दान देणाऱ्यांचा अर्ज सगळ्यात जास्त अडतो तो एका कापडी पट्टीपायी. ब्रिटनमध्ये 1988 च्या अग्निसुरक्षा नियमांनुसार गादी-कापड चढवलेला जुना सोफा किंवा खुर्ची विकायची, तर त्यावर कायमस्वरूपी लेबल हवं. म्हणून तिथल्या दानसंस्था लेबल नसलेली वस्तू घेत नाहीत. 1950 च्या आधी बनलेल्या फर्निचरला सूट आहे. टोचतं म्हणून लोक हे लेबल पहिल्याच महिन्यात कापून टाकतात आणि नंतर ते कुठूनही मिळत नाही. नवा सोफा घेतलात तर ते तसंच राहू द्या. आधीच कापलं असेल तर दानाच्या मागे वेळ घालवू नका, सरळ कचऱ्याची नोंदणी करा.

ढेकूण झाले असतील तर फॉर्मवर खरं लिहा. ढेकूण काही न खाता कित्येक महिने जगतो, त्यामुळे 'सोफा बरेच दिवस बंद खोलीत होता' हे उत्तर पुरत नाही. ढेकूण लपवून दिलेली वस्तू कुणाच्यातरी झोपायच्या खोलीत पोहोचते. कीडनियंत्रणाची पावती असेल तर सोबत जोडा, नसेल तर वस्तू प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून कचऱ्यातच द्या.

जुन्या फोमबद्दलही एक सांगतो. आग लवकर पसरू नये म्हणून त्यात वापरलेली काही ब्रोमीनयुक्त रसायनं स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे निसर्गात वर्षानुवर्षं टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, बंदीच्या यादीत आहेत. इंग्लंडमध्ये 2023 पासून अशी रसायनं असलेला सोफा जमिनीत पुरता येत नाही, तो वेगळा ठेवून भट्टीत जाळूनच नष्ट करावा लागतो. म्हणून केंद्रावरचा माणूस तुमचा सोफा लाकडाच्या ढिगात टाकू देत नसेल तर त्याच्याशी भांडू नका. घरामागे पेटवून देणं तर कुठेच नको. पार्टिकल बोर्डमधल्या (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीतल्या) डिंकातून आणि वरच्या थरातून विषारी धूर निघतो.

तारखेचा घोळ मात्र सगळीकडे सारखा. अर्ज मंजूर झाल्याची तारीख आणि उचलण्याची तारीख या दोन वेगळ्या असतात, पण पहिली वाचूनच लोक सामान फुटपाथवर आणून ठेवतात. मग तो बेकायदा टाकलेला कचरा ठरतो आणि दंडाची नोटीस येते. टोक्योत 30 सेंटीमीटरपेक्षा मोठ्या वस्तूसाठी आधी नोंदणी करून शुल्काचं स्टिकर विकत घ्यावं लागतं. ते वस्तूवर चिकटवून ठरल्या दिवशीच बाहेर ठेवायचं. स्टिकर नसलेली वस्तू उचलली जात नाही.

'मी नेतो' म्हणणाऱ्या खाजगी माणसाला सामान देणार असाल तर त्याचा परवाना बघा आणि पावती घ्या. त्याने ते ओढ्यात टाकलं आणि आत तुमच्या नावाचं पत्र सापडलं, तर पहिली विचारणा तुम्हालाच होते. कपाटाचे कप्पे आणि सोफ्याच्या फटी त्यासाठीही तपासा. कागदपत्रं आणि दागिने तिथे हमखास सापडतात.

अर्ज नाकारला गेला तर कारण लेखी मागा. 'वर्गात बसत नाही' एवढंच उत्तर आलं तर मग कोणत्या वर्गात बसतं, हेही त्याच पत्रात विचारा, म्हणजे पुढचा फॉर्म चुकीच्या खिडकीत जाणार नाही. ठरल्या दिवशी गाडी आलीच नाही तर अंधार पडायच्या आत सामान परत आत घ्या, फोटो काढा आणि अर्ज क्रमांक देऊन त्याच दिवशी तक्रार नोंदवा.